सोन्याचा राजगड, कपाटात

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. आता त्यांच्या सोन्याच्या नाण्यांचा संच कुणी काढला, की मागेपुढे पाहू नका. थेट सराफाचं दुकान गाठा.

गडावर जाऊन मिळतं काय? गुडघेदुखी, आणि पाण्याच्या टाक्यात तरंगणाऱ्या रिकाम्या बाटल्यांचं दर्शन. नाण्यावरचा राजगड स्वच्छ असतो. एक ग्रॅमचं नाणं शर्टाच्या बटणाएवढं, त्यात पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तिन्ही माच्या बसवायच्या आणि वर बालेकिल्ला! भिंग धरलंत की खाली ‘राजगड’ असं कोरलेलं दिसेल. त्यावरून ओळखायचं.

खरेदीच्या दिवशी सोन्याचा भाव मोबाइलवर मुळीच पाहू नका. भावावर घडणावळ, मखमली डबी, प्रमाणपत्र, ‘मर्यादित आवृत्ती’चा मान आणि वर तीन टक्के जीएसटी. कायद्याच्या लेखी हे नाणं नव्हेच, नाणी पाडायचा अधिकार केंद्र सरकारचा, असलं काही दुकानात बोलून रसभंग करू नका.

पाहुण्यांना दाखवताना थोडा इतिहास मात्र तोंडी असावा. महाराजांचा सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. होन आज शोधून सापडत नाही. शिवराई एकोणिसाव्या शतकातही बाजारात चालत होती, हातोहाती झिजली, आणि अजून जुन्या बाजारात मिळते. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. किल्ला कुठेच नाही. त्या काळी किल्ले बांधायची पद्धत होती, छापायची नव्हे.

नाण्यावरचं प्लास्टिकचं वेष्टन उघडू नका. उघडलंत की किंमत उतरते, असं विकणारा बजावतो. पुढे अडीनडीला मोडायला न्याल, तेव्हा समोरचा सराफ पहिल्यांदा तेच वेष्टन टराटरा फाडेल. मग नाणं कसाला लावेल, काट्यावर ठेवेल, घट धरेल. माच्यांचे पैसे धरणार नाही. हुज्जत घालू नका, तो तरी गडावर कधी गेलाय?

त्यापेक्षा मोडूच नका, मुलाबाळांसाठी ठेवा. बारांतला जिंजी तमिळनाडूत आहे, तो चेन्नईच्या जावयाला देऊन टाका. उरलेले अकरा दोन मुलांत कसे वाटायचे, ते मात्र हयातीतच लिहून ठेवा. रायगडावरून कोर्टकचेरी ठरलेली.