आरसा लावायचा कुठं, सर?

दार नसलेल्या गाडीचे फायदे सांगणारे लोक आमच्या कोल्हापुरात पायलीला पन्नास मिळतात. वारा लागतो, चढायला-उतरायला सोपं, शेजारच्या गाडीला दार आपटून भांडण होत नाही, काच-हँडल-कुलपाचा खर्च नाही. सगळं खरं आहे. पण गाडीचा आरसा दारावर असतो आणि दार नसलं की तो बेघर होतो, हे त्यातल्या एकानंही मला कधी सांगितलं नाही.

जीप मामांची. महिंद्राची सीजे-३बी, उंच बॉनेटची. हे मूळ विलीजचं मॉडेल अमेरिकेत १९५३ ते १९६८ बनलं, आपल्याकडं त्यानंतरही बनत राहिलं. बॉनेट उंच, कारण आतलं पेट्रोल इंजिन उंच होतं. मामांनी ते केव्हाच काढून डिझेल इंजिन बसवलं, पण बॉनेटनं आपली उंची सोडली नाही. दारं तुटलेली नाहीत, हरवलेलीही नाहीत. ती नव्हतीच. बाजूच्या पत्र्याला पाय टाकण्यापुरती खाच आहे आणि पावसाळ्यात त्या खाचेवर ताडपत्रीचा पडदा. गगनबावड्याच्या पावसात त्या पडद्याचा उपयोग इतकाच, की पाणी नेमकं कुठून आत येतंय ते कळतं.

मामांनी या जीपनं आयुष्यभर टोचन केलं, म्हणजे बंद पडलेल्या गाड्या ओढून आणल्या. करूळ घाटात बंद पडलेले टेम्पो, साळवणला रुसलेल्या वडापच्या, म्हणजे सीटवर पॅसेंजर नेणाऱ्या, गाड्या, कळ्याजवळ लग्नाच्या वऱ्हाडासकट थांबलेला मेटॅडोर, सगळं या जीपच्या हुकाला बांधून कोल्हापुरात आलेलं आहे. मामांचे गुडघे थकले तशी जीप माझ्याकडं आली, आणि जीपबरोबर नात्यागोत्यातल्या सगळ्या बंद गाड्याही. लग्नकार्यात ही जीप मांडवापासून लांब लावा म्हणणारे पाहुणे घाटात गाडी बंद पडली की पहिला फोन मलाच करतात. मी शाळेत विज्ञान शिकवतो. पण आमच्या भावकीत माझी ओळख ‘हुकवाले सर’ अशी आहे.

टोचन करताना मागचं दिसावं, ही माझी एवढीच अपेक्षा. विंडस्क्रीनच्या मधोमध आत एक आरसा आहे, त्यात हुडाच्या, म्हणजे ताडपत्रीच्या छताच्या, मागच्या बाजूची प्लास्टिकची खिडकी दिसते. ती खिडकी पिवळी पडून इतकी जाड झालीय, की तिच्यातून दिवस आहे का रात्र एवढंच समजतं. बाजूला आरसे नाहीत. मामांना कधी गरज वाटली नाही. एकदा ते साळवणहून एक टेम्पो ओढून आणत होते. बळिंग्याच्या पुलाजवळ चहाला उतरले, मागं बघितलं, तर साखळी होती, टेम्पो नव्हता.

“मामा, ओझं कमी झाल्याचं तुम्हाला कळलं नाही?”

“कळलं की. मला वाटलं, इंजिन मोकळं झालं.”

मामांचा चहा संपायच्या आत तोच टेम्पो दुसऱ्या एका ट्रॅक्टरच्या मागं बांधलेला त्यांच्यासमोरून गेला. टेम्पोवाल्यानं हातही केला म्हणे. मामांनीही केला.

नियम बघायला गेलं, तर टोचन करताना दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरच्या आत हवं आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या वर नको. वेगाचं कलम आमची जीप जन्मजात पाळते. अंतराचं कलम पाळायचं तर मागची गाडी आहे का गेली हे आधी समजायला पाहिजे. त्यात नोंदणीचं नूतनीकरण जवळ आलेलं. पंधरा वर्षांपुढच्या खासगी गाडीला दर पाच वर्षांनी तपासणीला उभं राहावं लागतं, आणि तपासणारा माणूस जुन्या जीपवर कितीही प्रेम करणारा असला तरी आरसा विचारणारच.

म्हणून आधी आमच्या मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी जीपभोवती एक चक्कर मारली, तंबाखू मळली आणि म्हणाले, “आरसा कशाला पायजे, सर? दार न्हाई. वाकून बघायचं की!”

याला उत्तर नाही. दार नसलेल्या गाडीतून मागं वळून बघणं हा खरोखरच जगातला सगळ्यात सोपा उपाय आहे. डावा हात स्टिअरिंगवर, उजवा हुडाच्या दांडीला, अर्धं शरीर बाहेर, मान मागं. मामा असंच चालवायचे. फक्त त्या अवस्थेत पुढचं दिसत नाही, आणि पुढं गगनबावड्याचा रस्ता असतो.

दुसरा उपाय मावसभावाचा. त्याला मागच्या फाळक्याजवळ उलटं बसवायचं आणि त्यानं बोलत राहायचं. आपल्याकडं ट्रकच्या क्लीनरनं पिढ्यान्‌पिढ्या हेच केलं: येऊ दे, येऊ दे, येऊ दे, थांब! पण मावसभाऊ ‘येऊ दे’ एवढंच म्हणतो. ‘थांब’ म्हणायच्या वेळी तो मोबाइलवर असतो.

मग सुट्या भागांचं दुकान. काउंटरवरच्या पोरानं विचारलं, “कुठल्या गाडीचा?” मी सांगितलं. त्यानं संगणकात बघितलं, वहीत बघितलं, माझ्याकडं बघितलं. आतून मालक ओरडले, “त्याला आरसा येत न्हाई. त्याला नुसता मालक येतोय.” मुळातला आरसा म्हणजे काय, तर दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला विंडस्क्रीनच्या चौकटीला एक छोटा गोल आरसा असायचा, तोही फक्त ड्रायव्हरच्या बाजूला. सहा लाखांवर जीप त्या युद्धात बनल्या आणि बहुतेक सगळ्यांना तेवढ्यात भागलं. सैन्याला मागं कोण आहे याची काळजी नसावी. त्यांच्या मागं मेव्हण्याची गाडी बांधलेली नव्हती.

पुण्याला गेलो तेव्हा नाना पेठेत फिरलो. तिथं कुठल्याही गाडीचा कुठलाही भाग मिळतो असं म्हणतात, आणि ते खरंही आहे, फक्त तो भाग आपल्याला हवा असलेला असेलच असं नाही. एका दुकानात मला जीपचं संपूर्ण गिअरबॉक्स दाखवलं. मी आरसा म्हटलं. ते म्हणाले, “गिअरबॉक्स घेऊन ठेवा, लागंल.” रविवारी मंगळवार पेठेजवळच्या जुन्या बाजारात एक गोल आरसा सापडला. पितळी कडा, सुबक दांडी, बघताक्षणी जीपचा वाटावा असा. विकणाऱ्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, मिलिटरीचा आहे. घरी आणून उलटा केला, तर मागं दाढी करताना भिंतीला अडकवायची कडी. मिलिटरीचा असेलही. जवान दाढी करतातच.

मोबाइलवरून मागवलेल्या आरशाच्या खोक्यावर ‘सर्व गाड्यांसाठी’ असं लिहिलेलं. सर्व गाड्या म्हणजे ज्यांना दार आहे अशा सर्व गाड्या, हे आतल्या चित्रावरून समजलं. अमेरिकेत राहणाऱ्या भाच्याला विचारलं. त्याच्याकडं रँग्लर जीप आहे, तिची दारं उन्हाळ्यात काढून ठेवता येतात. तिकडं दारं काढली की आरसेही जातात, म्हणून दाराच्या बिजागरीत अडकवायचे वेगळे आरसे मिळतात. भाच्यानं मोठ्या हौशीनं लिंक पाठवली. “मामा, दोन मिनिटांत बसतो, फक्त बिजागरीत खोचायचा.” मी त्याला आमच्या जीपच्या बाजूचा फोटो पाठवला. बराच वेळ उत्तर आलं नाही. मग आलं, “मामा, बिजागरी कुठंय?”

तोवर आमच्या अंगणात आरशांचं प्रदर्शन भरलं होतं. रिक्षाचा आरसा: छान, हलका, पण त्यात रिक्षावाल्याला जे बघायचं असतं तेच दिसतं, म्हणजे मागच्या सीटवरचा पॅसेंजर. बुलेटचा आरसा: दांडी सुरेख, फक्त आमचं डिझेल इंजिन आयडलिंगला असताना त्यात एकाच्या जागी चार चार बुलेटा दिसायच्या. यामाहाचा उजवा आरसा शेजारच्या पोरानं दिला. तो बसेचना. मिस्त्रींनी जोर लावला, मी जोर लावला, मग मिस्त्रींना आठवलं, यामाहाच्या उजव्या आरशाला उलटे आटे असतात. त्याला लागणारा उलट्या आट्याचा नट शोधण्यात जी दुपार गेली, ती आम्ही दोघांनी आता हिशेबातून काढून टाकलीय.

खरा प्रश्न आरशाचा नव्हताच, जागेचा होता. विंडस्क्रीनच्या चौकटीला लावावा, तर ही चौकट पुढं बॉनेटवर आडवी पडते, आणि मामांना उन्हाळ्यात ती पाडल्याशिवाय जीपमध्ये बसल्यासारखं वाटत नाही. चौकट पाडली की आरसा आभाळाकडं तोंड करून पडतो. जोतिबाच्या डोंगरावर घारी बऱ्या दिसल्या, पण मागचा ट्रक दिसला नाही. मडगार्डवर लावावा, पूर्वी अँबेसिडरला असायचे तसा, तर तो इतका लांब, की हलला तर नीट करायला गाडी थांबवून उतरावं लागतं. बाजूच्या पत्र्याला लावावा, तर तिथं ड्रायव्हरचा गुडघा आहे. आणि दांडी आखूड असून चालत नाही. आमची जीप दीड मीटरच्या जरा पुढं रुंद, आणि मेव्हण्याची गाडी पावणेदोन मीटर. तिला मागं बांधली की साध्या आरशात फक्त तिचंच नाक दिसतं, तिच्या मागं काय चाललंय ते नाही.

शेवटी शिवाजी उद्यमनगर. जे दुकानात मिळत नाही ते उद्यमनगरात बनतं, ही आम्हा कोल्हापूरकरांची श्रद्धा आहे आणि ती अजून तरी कुणी खोटी ठरवलेली नाही. तिथले एक वयस्क लेथवाले. त्यांनी “आरसा लावायचा कुठं, सर?” असं विचारलंच नाही. विचारलं, “वढायचं काय काय?” मी यादी सांगितली. त्यांनी जीपमध्ये मला बसायला लावलं, स्टिअरिंग फिरवायला लावलं, माझा गुडघा कुठवर येतो तिथं खडूनं पत्र्यावर खूण केली. मग २५ बाय ६ मिलिमीटरची लोखंडी पट्टी कापली, तिला दोन बेंड मारले, विंडस्क्रीनच्या खाली जिथं पत्रा जाड आहे तिथं भोकं पाडली आणि मधे रबरी बुश टाकून बोल्टांनी पट्टी आवळली. रबर कशाला, तर इंजिनचं थरथरणं आरशापर्यंत जाऊ नये म्हणून. पट्टीच्या टोकाला नळी, नळीत सरकणारी दांडी, दांडीवर ट्रकचा आरसा. टोचन असेल तेव्हा दांडी बाहेर ओढायची, नसेल तेव्हा आत. ड्रायव्हर साइडला एक, क्लीनर साइडला एक. काच सपाट टाकू का फुगीर, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी वर्गातला धडा सुरू केला: बहिर्वक्र आरशात दृश्य रुंद दिसतं, पण वस्तू लहान आणि लांब वाटतात. ते शांतपणे म्हणाले, “म्हंजी मेव्हणा लांब वाटंल.” मी बहिर्वक्र घेतला.

पैसे किती, तर सगळ्या चुकीच्या आरशांचे मिळून जेवढे गेले त्याहून कमी. वर चहा त्यांनीच पाजला.

तपासणी सुरळीत झाली. तपासणाऱ्या साहेबांनी दांडी दोनदा आत-बाहेर ओढून बघितली आणि कुणी बनवलं ते विचारून घेतलं. मामांना मात्र आरसे आवडलेले नाहीत. क्लीनर साइडच्या आरशात आपलं पोट दिसतं, अशी त्यांची तक्रार आहे. गल्लीतली पोरं शाळेला जाताना ड्रायव्हर साइडला थांबून भांग पाडतात, आणि पोरांच्या उंचीप्रमाणं रोज आरशाचा कोन बदललेला असतो. जीपमध्ये चढणारा प्रत्येक पाहुणा दांडीला धरून वर येतो. दार नसलेल्या गाडीत चढताना हात आपोआप कशाला तरी धरतो, आणि इतकी वर्षं धरायला काही नव्हतं. मावशी तर म्हणाल्या, “बरं केलंस बाबा, धरायला दांडा बसवलास ते. पण त्याला आरसा कशाला लावलास?”

परवा मेव्हण्याची गाडी गगनबावड्याच्या अलीकडं थांबली. बांधली, दांड्या बाहेर ओढल्या, निघालो. आयुष्यात पहिल्यांदा टोचन करताना मला मागचं सगळं दिसत होतं: साखळी, मेव्हणा, त्याच्या मागं हॉर्न वाजवणारी एसटी, तिच्याही मागं उसाचे ट्रॅक्टर. साळवण सोडलं आणि कळे जवळ आलं तसा मेव्हणा खिडकीतून हात बाहेर काढून जोरजोरात हलवायला लागला. पूर्वी हे मला दिसलंच नसतं. मी ताबडतोब वेग कमी केला, बाजूला घेतलं, एसटीला वाट दिली, ब्रेक लावला आणि धावत मागं गेलो.

“काय झालं? साखळी सैल झाली? ब्रेक लागेना?”

“न्हाई हो दाजी. भजी काढत हुते त्या टपरीवर. म्हटलं, तुमाला दिसलं न्हाई वाटतं.”

चालत मागं गेलो. कांदाभजी होती. मिरची वेगळी मागून घेतली.