ठरवा एकदाचं!

जेवायला ‘कुठेही चालेल’ म्हणणाऱ्याला सरळ प्रिन्सेनग्राख्ट कालव्याच्या पाण्यात ढकलून द्यावंसं वाटतं! ॲमस्टरडॅममध्ये आम्ही मित्र संध्याकाळी भेटलो की दरवेळी हेच. योर्दान वस्तीतली पहिली जागा? महाग. दुसरी? गर्दी. तिसरी? ‘अरे, मी व्हेज, मी काय बिटरबालनचा, त्या मांसाच्या तळलेल्या गोळ्यांचा, वास घेऊ?’ मग पुलापाशी थांबून फोनमध्ये डोकी. आणि थांबायचं कुठे, तर थेट लाल सायकल-ट्रॅकवर! टिंग टिंग, मागून डच शिवी, आणि आमचे साहेब म्हणणार, ‘काय उद्धट लोक आहेत ना!’

जूनमध्ये सूर्य दहाला मावळतो, म्हणून किचनही तोवर यांची वाट बघत बसेल का? बाबांनो, इथली बरीच किचन्स साडेनऊ-दहाला बंद होतात! १७व्या शतकातले कालवे, २०१० पासून जागतिक वारसा, आणि आम्ही त्यांच्या काठावर उभ्याउभ्या कागदी पुडक्यातले फ्राइज चिवडतोय. मेयोनीजचे पैसे वेगळे. तेही वाटून घ्यायचे म्हणे, सेंटासकट!

वर ज्याने तिन्ही जागा नाकारल्या तोच मला विचारतो, ‘आधी बुकिंग करायला काय झालं होतं रे तुला?’

मला?!