दोन घड्यांचं पान

पूर्वी घडी चोवीस मिनिटांची असायची. आमच्या घरात ती साधारण वीस सेकंदांची आहे. टी-शर्टची असेल तर वीस, फुल बाह्यांच्या शर्टाची पस्तीस, आणि चादरीची असेल तर दुसरं टोक धरायला कोण मिळतंय त्यावर. हे कोष्टक मी हौसेनं बसवलेलं नाही, माझ्या लॅपटॉपनं ते बसवून घेतलं. लिंकवर क्लिक करायचं, उठायचं, सोफ्यावरच्या वाळलेल्या कपड्यांच्या ढिगातून हाताला लागेल ते ओढायचं आणि पान उघडेपर्यंत त्याची घडी घालायची. मेल म्हणजे दोन टी-शर्ट. बातम्या म्हणजे चार. बँकेचं संकेतस्थळ म्हणजे एक डबल चादर, आणि ती घालून मी परत येईतो बँक कंटाळलेली असते. ‘आपलं सत्र संपलं आहे, कृपया पुन्हा लॉगिन करा.’ मग उशांचे अभ्रे.

लॅपटॉप दहा वर्षांचा. चार जीबी रॅम, गरगर फिरणारी हार्ड डिस्क, आणि ‘न’ उमटवायचा असेल तर जरा विनंतीच्या सुरात दाबावं लागणारं एक बटण. बाकी तब्येत ठणठणीत.

लॅपटॉप हळू चालतो हे चारचौघांत बोलू नये. पाठदुखीच्या खालोखाल फुकट सल्ला मिळणारी ही व्याधी आहे. ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं चहाचा कप खाली न ठेवताच निदान केलं, “कॅश साफ कर.” मी घरी येऊन साफ केली. आता, कॅश म्हणजे ब्राउजरनं पुन्हा पुन्हा आणायला लागू नये म्हणून घरात भरून ठेवलेलं सामान. ते फेकलं की प्रत्येक संकेतस्थळाचं चित्रन्‌चित्र नव्यानं आणावं लागतं. थोडक्यात, मी लॅपटॉप आणखी हळू केला. शिवाय त्याच खिडकीत खाली कुकीजची, म्हणजे संकेतस्थळं आपल्याला ओळखायला ठेवतात त्या खुणांची, चौकट होती, तीही उत्साहाच्या भरात टिचकावली. दुसऱ्या दिवशी जगानं ओळख दाखवायचं बंद केलं. जिथं जावं तिथं पासवर्ड. एका संकेतस्थळानं तर माझ्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव विचारलं. मी आयुष्यात प्राणी पाळलेला नाही. खातं उघडताना विनोद म्हणून काहीतरी लिहिलं असणार, पण तो विनोद आठवेना. तीन चुकीच्या उत्तरांनंतर खातं चोवीस तासांसाठी बंद झालं.

शेजारच्या काकांचं म्हणणं पडलं, “नेटच कमी येतंय तुमच्याकडे.” हे मला आवडलं, कारण यात दोष घराबाहेरचा होता. स्पीड टेस्ट लावली. काटा थरथरत वर गेला आणि ९२ एमबीपीएसवर थांबला. यातला ‘बी’ हा बिटचा, बाइटचा नव्हे. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणजे आठानं भागायचं. भागूनही सेकंदाला साडेअकरा मेगाबाइट उरले. हल्लीचं पान दोन-तीन मेगाबाइटचं असतं. म्हणजे ते पापणी लवायच्या आत माझ्या दाराशी येत होतं. खात्रीसाठी लॅपटॉपशेजारी फोन ठेवला आणि दोन्हींवर एकच बातमी दाबली. फोननं बातमी दाखवली, मी ती वाचली, तिच्याखालची लोकांची भांडणंही वाचली. लॅपटॉपवर तोवर मथळ्यासाठी मोकळी सोडलेली जागा आली होती.

तेव्हा लक्षात आलं, सामान येण्याची अडचणच नाही. सामान दाराशी पडलंय, आत लावायला एकटा म्हातारा आहे. पान म्हणतो आपण, पण ते आता पान राहिलेलं नाही. तो एक आख्खा प्रोग्रॅम असतो आणि तो माझ्या यंत्रावर, माझ्या विजेवर चालतो. व्हिडिओची तर वेगळीच तऱ्हा. नव्या पद्धतीनं अशा काही घट्ट घड्या घालून तो पाठवतात की त्या उलगडायची सोय जुन्या चिपमध्ये नसतेच; मग सगळं उलगडणं प्रोसेसरच्या अंगावर येतं. तिकडे तो घड्या मोडतोय, इकडे मी घालतोय.

आता उपाय शोधायचा कुठं? त्याच ब्राउजरवर. ‘ब्राउजर वेगवान करण्याचे सतरा हमखास उपाय’ असं एक पान सापडलं. आधी त्यानं कुकीजची परवानगी मागितली. मग सूचना पाठवण्याची. मग कोपऱ्यात न विचारता एक व्हिडिओ सुरू झाला, त्यात एक गृहस्थ आनंदानं धावत होते. पहिला उपाय वाचायला खाली सरकलो तर वरती एक जाहिरात उशिरा येऊन बसली आणि अख्खा मजकूर बोटभर खाली ढकलला गेला. ‘पुढे वाचा’वर नेलेलं बोट पडलं गादीच्या जाहिरातीवर. परतलो तर पुन्हा कुकीज. तिसऱ्या उपायाशी पंख्यानं विमानाचा आवाज काढला. चौथा उपाय ‘अनावश्यक पानं बंद करा’ असा होता. तो दिसेपर्यंत सहा टी-शर्ट आणि एक टॉवेल झाला.

शेवटी भाचा आला. हा मुलगा सल्ला देत नाही, खुर्ची ओढतो.

“मामा, टॅब किती उघडे आहेत?”

“असतील आठ-दहा.”

त्रेचाळीस निघाले. त्यातले पाच हवामानाचे होते, कारण आधीचा सापडेना म्हणून मी दर वेळी नवा उघडला होता. एका टॅबवर मागच्या वर्षीचा आयकराचा फॉर्म अर्धा भरून उभा होता. भाच्यानं शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबली आणि ब्राउजरच्या पोटातली यादी समोर आली: कोण किती मेमरी खातंय. अव्वल नंबर अर्थातच ‘सतरा हमखास उपाय’.

“पण प्रत्येकाचं वेगळं खातं कशाला? सगळ्यांनी एकाच ताटात जेवायला काय झालं?” मी विचारलं.

तर त्यालाही कारण निघालं. २०१८ च्या जानेवारीत स्पेक्टर नावाची प्रोसेसरांमधली खोट जाहीर झाली. तिचा फायदा घेऊन एक संकेतस्थळ दुसऱ्याची गुपितं वाचू शकेल, अशी भीती निर्माण झाली. मग ब्राउजरांनी प्रत्येक संकेतस्थळाला वेगळी खोली द्यायला सुरुवात केली. सुरक्षित झालं, पण खोल्या वाढल्या की भिंतीही जागा खातात. माझ्याकडे तर जोडीला अकरा एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउजरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, होती. जाहिराती अडवणारी दोन. प्रत्येक पानाची झडती दोघंही घ्यायचे आणि गादीवाला तरीही सुटायचा. एक कशासाठी आहे हे मला, भाच्याला आणि बहुधा त्या एक्स्टेंशनलाही सांगता येईना.

मग त्यानं विंडोजचा टास्क मॅनेजर उघडला. मेमरी ९४ टक्के. डिस्क १००. क्षणभर मला बरं वाटलं. या घरात कुणाला तरी शंभर पडले.

“हाच तुझा रोग,” भाचा म्हणाला. रॅम म्हणजे टेबल, डिस्क म्हणजे माळा. टेबलावर चार वह्यांची जागा आणि मी काढल्यात त्रेचाळीस. विंडोज बिचारं एक वही उचलून माळ्यावर टाकतं, जागा करतं, आणि मी नेमकी तीच मागतो. ते पुन्हा शिडी लावतं. माझी डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते; ऐकायला पुष्कळ वाटतात, पण हवी ती जागा डिस्कच्या वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत सेकंदाचा शंभरावा भाग सहज जातो. रॅमचं काम त्याच्या लाखाव्या हिश्शात होतं. म्हणजे टेबलावरची वही घ्यायला एक सेकंद लागत असेल, तर माळ्यावरची यायला सत्तावीस तासांच्या वर. हे ऐकल्यावर मला लॅपटॉपचा राग यायचा थांबला. सत्तावीस तास शिडीवर असलेल्या माणसावर कोण ओरडेल?

“थांब, तुझ्या या लॅपटॉपवर पळणारं पान दाखवतो,” असं म्हणून त्यानं जगातलं पहिलं संकेतस्थळ उघडलं. सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी बनवलेलं, १९९१ मध्ये जगासाठी खुलं झालेलं, आणि त्याची प्रत अजूनही बघायला मिळते. मी सवयीनं अर्धा उठलो होतो. पान उघडलेलं होतं. पांढऱ्यावर काळी अक्षरं, मधूनमधून निळ्या रंगाच्या अधोरेखित लिंका, बस्स. कुणी परवानगी मागितली नाही, कुणी धावलं नाही. मी एका लिंकवर क्लिक केलं, उघडली. दुसरी, तीही. लॅपटॉप दहा वर्षांनी लहान झाल्यासारखा फडाफडा पानं उलटत होता. त्यात माझ्या कामाचं काहीही नव्हतं, तरी मी वीस मिनिटं वाचत बसलो.

पुढचं पटापट झालं. त्रेचाळीसवरून नऊ टॅबवर तडजोड झाली. एक्स्टेंशन दोन उरली. मागचं झाकण उघडलं तर पंख्याच्या जाळीवर धुळीची एक घडीच होती, राखाडी, मऊ, चांगली जाड. श्वास कोंडला की यंत्र तापतं आणि तापलं की प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच वेग उतरवतो; पंखा उगाच बोंबलत नव्हता. रिकाम्या खाचेत आणखी चार जीबी रॅम बसली, फिरणाऱ्या डिस्कच्या जागी एसएसडी गेली. तिच्यात फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे शिडीच गेली. ‘न’ तेवढा तसाच आहे.

आता क्लिक केलं की पान उघडतं. मी उठायच्या बेतात असतो, तोवर ते समोर येऊन उभं असतं, मग मी पुन्हा बसतो. आयकराचा फॉर्म पूर्ण झाला. बँकेत तर मी सत्र संपायच्या आत स्वतः बाहेर पडलो.

परवा संध्याकाळी बायको दारातून आत आली आणि सोफ्यासमोर थांबली. सोफा दिसत नव्हता. चार दिवसांचे कपडे, वर चादरी, त्यावर घसरायच्या बेतात असलेले टॉवेल. तिनं ढिगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे.

“अरे,” ती म्हणाली, “ती जुनी डिस्क टाकून नाही ना दिलीस?”