वास आला नाही म्हणजे धोका नाही? गॅस गिझरबद्दलच्या संदेशाला उत्तर

थंडी पडली की एक संदेश घरोघरच्या ग्रुपवर फिरू लागतो: ‘गॅस गिझरने माणसं दगावतात ती गळतीमुळे. वास येत नसेल तर निर्धास्त राहा. एक्झॉस्ट फॅन लावा, बाथरूममध्ये बादलीभर पाणी ठेवा, २० मिनिटांचा टाइमर असलेला गिझर घ्या.’ यातला पहिलाच मुद्दा चुकीचा आहे आणि पुढचे सल्ले त्याच समजुतीतून आले आहेत.

एलपीजी गळला तर वास येतो, कारण त्यात मुद्दाम इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मिसळतात. पण गिझरमुळे माणसं दगावतात ती बहुतेकदा कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने, आणि त्यासाठी गळती लागतच नाही. नळी, रेग्युलेटर सगळं ठणठणीत असलं तरी ज्योतीला हवा कमी पडली की तो तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळेही चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट धरतो.

हवा किती लागते ते मोजून पाहा. मिनिटाला ६ लिटर पाणी तापवणारा गिझर पूर्ण आचेवर तासाला जवळपास १ किलो गॅस जाळतो. १ किलो एलपीजी नीट जळायला १२-१३ घनमीटर हवा लागते. ४ बाय ६ फुटांच्या, ८ फूट उंच बाथरूममध्ये हवा असते साधारण साडेपाच घनमीटर. दार-खिडकी बंद असेल तर १० मिनिटांत तिच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त हवेतला ऑक्सिजन संपू शकतो. ज्योत त्याच्या आधीच बिघडू लागते. म्हणूनच २० मिनिटांच्या टाइमरवर विसंबणं घातक आहे. तो फक्त वेळ मोजतो, हवा नाही. एकामागून एक अंघोळी होतात तेव्हा दुसरा माणूस पहिल्याने वापरलेल्या हवेतच गिझर पुन्हा सुरू करतो.

एक्झॉस्ट फॅन? हवा आत यायला वाट नसेल तर तो नुसता फिरतो. गिझरला धुराची नळी असेल तर उलट त्या नळीतला धूर आत ओढू शकतो. दाराच्या तळाशी कायम उघडी जाळी नसेल तर फॅनच्या भरवशावर राहू नका. बादलीचा सल्ला तर सोडूनच द्या, हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळत नाही.

खरा उपाय म्हणजे गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत लावणं आणि भिंतीतून फक्त गरम पाण्याची नळी आत आणणं. काचा लावून बंद केलेली बाल्कनी मोकळी हवा नव्हे. हे होईपर्यंत दार उघडं ठेवून बादल्या भरून घ्या, गिझर बंद करा आणि मगच अंघोळीला जा. पिवळी ज्योत किंवा काजळी दिसली तर दुरुस्तीपर्यंत तो पेटवूच नका. पण निळी ज्योत ही सुरक्षिततेची हमी नाही.

अलार्म घ्यायचा तर कार्बन मोनॉक्साइडचा घ्या, एलपीजी गळतीचा अलार्म इथे निरुपयोगी आहे. वाफेने सेन्सर बिघडतो, म्हणून तो बाथरूमबाहेर लावा. त्याच्यावर छापलेली मुदत संपली की बदला.

‘डोकं जड झालं तर बाहेर या’ असंही काही जण पुढे जोडतात. अंगातलं त्राण आणि सुचणं दोन्ही लवकर जातं, म्हणून तोवर थांबण्यात अर्थ नाही. आतून उत्तर आलं नाही तर दार तोडा, माणसाला उघड्यावर आणा, सिलिंडर बंद करा, १०८ ला फोन लावा. श्वास थांबला असेल तर लगेच सीपीआर, म्हणजे छाती दाबण्याचा प्रथमोपचार, सुरू करा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर ९८ दाखवत असला तरी विश्वास ठेवू नका, त्याला विषारी वायूने व्यापलेलं हिमोग्लोबिन वेगळं ओळखता येत नाही. डॉक्टरांना ‘गॅस गिझर चालू होता’ हे आधी सांगा. नाहीतर चक्कर किंवा फिट समजून उपचार होतात आणि मास्कमधून लगेच मिळायला हवा तो शुद्ध ऑक्सिजन उशिरा मिळतो.