म्हणे, गणित सोडलं की सुटलीस!

दहावीनंतर मला ज्यानं कुणी सांगितलं ना, "गणित सोड, बायो घे, सुटलीस," त्याला मला एकदा अकरावीच्या फिजिक्सचा दुसरा धडा वाचायला बसवायचाय. चहा नाही, पंखा नाही, नुसता धडा. 'मॅथेमॅटिकल मेथड्स'. व्हेक्टर, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन. गणिताला पुढच्या दारानं हाकललं, तर ते परड्यातनं आत आलं आणि चुलीपुढं मांडी घालून बसलं.

ज्यांनी गणित ठेवलंय त्यांना हेच सगळं गणिताच्या तासाला सावकाश, उदाहरणं सोडवून सोडवून शिकवतात. आम्ही त्या वेळी भूगोलाच्या वर्गात. आणि फिजिक्सचे सर फळ्यावर डीएक्स बाय डीटी लिहून पुढं जातात. "सर, हे काय?" "मॅथ्समध्ये येईल तुम्हाला." "सर, मॅथ्स नाहीय आम्हाला." "मग पाठ करा." संपलं.

मला डॉक्टर व्हायचंय. माणसांचा नाही, जनावरांचा. आमच्या गोठ्यात चार म्हशी आहेत. मी सहावीत असताना त्यातली एक रात्रभर अडली होती. रेडकू आडवं आलेलं. दोन वाजता डॉक्टर मोटरसायकलवरनं आले, शर्ट काढून खुंटीला अडकवला, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि तासभर काहीतरी चाचपत, पुटपुटत राहिले. मी कंदील धरून उभी, लाईट गेलेली. रेडकू जिवंत निघालं. त्या रात्री माझं ठरलं, पुन्हा कधी बदललं नाही. आत्या अजून म्हणते, "पोरीच्या जातीनं गुरांच्यात काय हात घालायचा?" तिला मी उत्तर देत नाही. ती दूध मात्र आमच्याच गोठ्यातलं नेते.

तर गुरांचा डॉक्टर व्हायला काय लागतं? 'नीट' नावाची प्रवेश परीक्षा लागते. ७२० मार्क, १८० प्रश्न, १८० मिनिटं. त्यातले ४५ प्रश्न, म्हणजे १८० मार्क, फिजिक्सचे. बरोबर आलं तर चार, चुकलं तर एक वजा. बायोचे ९० प्रश्न माझ्या हातचे आहेत. केमिस्ट्री रडतखडत निघते. पण फिजिक्समध्ये आदळलं की शिरवळ गेलं. राज्यातलं आमच्या सगळ्यात जवळचं सरकारी व्हेटरनरी कॉलेज तेच, सातारा जिल्ह्यातलं. ज्या कोल्हापुरात गंगावेशीत म्हैस समोर उभी करून धारोष्ण दूध ग्लासात देतात, दिवाळी पाडव्याला शिंगं रंगवून म्हशी मोटरसायकलमागं पळवतात, त्या गावच्या पोरीला म्हशीला हात लावायची परवानगी कोण देणार? तर टेकडीवरनं गडगडत येणारी पोकळ आणि भरीव गोल वस्तू. कुठली आधी खाली येईल ते सांगा, मग बघू.

आणि भाषा! मी मराठी शाळेतली. दहावीपर्यंत त्वरण, संवेग, जडत्व, अपवर्तन. विज्ञानाचे ४०-४० मार्कांचे दोन पेपर, दोन्ही मस्त गेलेले, बाईंनी पेढा भरवलेला. अकरावीत पहिल्याच दिवशी सगळ्या शब्दांचं बारसं पुन्हा झालं. 'मोमेंट ऑफ फोर्स', म्हणजे बळाचा फिरवण्याचा परिणाम, आलं तेव्हा मोमेंट म्हणजे क्षण एवढंच मला माहीत, त्यामुळं दोन आठवडे मी 'बलाचा क्षण' कधी येतो याची वाट बघत होते. हसू नका, वर्गातल्या निम्म्या जणींचं तेच होतं, फक्त कुणी बोललं नाही. वर नीटचा पेपर मराठीतही मिळतो! म्हणजे दोन वर्षं 'रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स' घोकायचं आणि ऐन परीक्षेत 'अपवर्तनांक' हा आपलाच जुना पाव्हणा ओळखायचा. पुस्तक इंग्रजीत ठेवून पेपर मराठीत देण्यात काय उपकार आहेत?

प्रॅक्टिकलचं तर बोलूच नका. ३० मार्क आहेत त्याला. मीटर ब्रिजची तार मधोमध झिजलेली, गॅल्व्हानोमीटरचा काटा एका बाजूला जाऊन बसलाय तो बसलाय. सरांना दाखवलं तर म्हणाले, "मागच्या वर्षीच्या जर्नलमधनं रीडिंग घ्या." मागच्या वर्षीच्यांनी त्याच्या मागच्यांचं घेतलेलं. ते मूळ रीडिंग कुठल्या पुण्यवंतानं घेतलं होतं देव जाणे.

म्हणून राजारामपुरीत क्लास. सकाळी साडेसहाचा. म्हणजे पाचला उठून धार काढायची, केस नीट विंचरायच्या आधी केएमटीची बस पकडायची, आणि अंगाला पेंडीचा वास येतोय का म्हणून शेवटच्या बाकावर बसायचं. तिथले सर हुशार आहेत, नाही म्हणत नाही. पण त्यांचं सगळं कौशल्य ऑप्शनवरनं उत्तर पकडण्यात. युनिट बघा, दोन ऑप्शन उडाले. "सर, पण असं का होतं?" "नीटला 'का' विचारत नाहीत." एवढी फी भरून 'का' पण विचारायचं नाही!

आणि कुणाशी बोलायला जावं तर एकच वाक्य: "कन्सेप्ट क्लिअर कर." पुण्याचा मामेभाऊ म्हणतो, "फिजिक्स एन्जॉय करायचं असतं गं." हा बाबा गणितासकट दोन क्लास लावून शिकलेला. मामा म्हणतो, झेपत नसेल तर ॲग्रीकल्चर कर, जणू मी भाजीवाल्याकडं आलेय, भेंडी नाही तर गवार.

मागच्या महिन्यात आणखी एक म्हैस अडली. तेच डॉक्टर, आता केस पांढरे. रेडकाच्या दोन पायांना दोन दोऱ्या, एक पप्पांच्या हातात, एक माझ्या. डॉक्टर ओरडतायत, "दोघं एकदम नको, एक आड एक! आता दोघं मिळून खाली ओढा, म्हशीच्या खुरांकडं!" आणि ओढता ओढता माझ्या डोक्यात लख्खकन आलं, अरे, दोन दिशांना दोन बळं, रेडकू मधनं येतंय. व्हेक्टर. दोन बळांची बेरीज करायचा तोच पॅरेललोग्रामचा नियम, जो मी दीड वर्ष नुसता पाठ करतेय. दूध संस्थेत दुधाचा घट्टपणा बघायला रोज डिग्री लावतात ती काचेची नळी, तीही फिजिक्सच. साय काढायच्या यंत्रात दुधातनं साय वेगळी होते तेही.

खरं तर राग उतरायला हवा होता. उलट दुप्पट चढला. विषय बिनकामाचा असता तर दात-ओठ खाऊन पाठ केला असता आणि विसरले असते. पण हा कामाचा आहे, गोठ्यात आहे, आणि दीड वर्षात एकालाही ते सांगावंसं वाटलं नाही. पुस्तकात मौत का कुआँ आहे, वळणावरची गाडी आहे, म्हैस कुठंच नाही.

रेडकू बरं आहे. नाव अजून ठेवलं नाही.

उद्या साडेसहाला एसी सर्किट. सरांनी आजच सांगून ठेवलंय, "फेझर अगदी सोपे असतात. मॅथ्समध्ये झालंच असेल तुमचं."