बाहेरून तेल, आतून कोरडं लाकूड

‘पावसाळ्याआधी दस्त्याला जवसाचं तेल चोळा, रायफलचा नेम टिकेल’, हे रायफलच्या निगेवरच्या लेखातलं वाक्य अर्धंच आहे. दस्ता म्हणजे रायफलचा लाकडी भाग; त्यात नळी बसते त्या खाचेतलं लाकूड बऱ्याचदा कच्चंच सोडलेलं असतं. आमच्या पाटणकडच्या पावसात ते आडवं फुगतं (लांबीत फारसं नाही) आणि नळीला एका अंगाने रेटतं. उन्हाळ्यात जुळवलेला नेम श्रावणात सरकतो आणि लोक दुर्बिणीला शिव्या घालतात!

वडिलांच्या शेतीरक्षणाच्या परवान्यावरच्या रायफलचं हेच व्हायचं. रायफल रिकामी असल्याची खात्री करून नळी-दस्त्यामधून कागदाची पट्टी सरकवा. अडेल तिथे हलका पॉलिश पेपर, मग आतून व्हार्निश. काही प्रकारच्या रायफलींत दस्त्याच्या पुढच्या टोकाशी नळीवर मुद्दाम दाब ठेवलेला असतो, तो मात्र घासू नका. नळी-बोल्टचं काम परवानाधारक कारागिराकडेच द्या.