'कॅच-२२'मधला तो नागडा सैनिक: टाकळीच्या दादांना उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया कालपासून तीनदा वाचली. तुमचे पणजोबा सैनिक टाकळीहून दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या लढाईत गेले ते परत आलेच नाहीत, आणि त्याच लढाईवरच्या 'कॅच-२२' या सिनेमाला मी माझ्या लेखात 'पोट धरून हसवणारा' म्हटलं. तो शब्द चुकलाच, माफ करा. पण पदक घ्यायला नागडा उभा राहणारा त्यातला नायक योसेरियन म्हणजे जवानांची टिंगल, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही.

तो नागडा का आहे? त्याच्या गणवेशावर त्याच्याच विमानातल्या स्नोडेन नावाच्या पोराचं रक्त सांडलंय, म्हणून. दिग्दर्शक माइक निकोल्स विमानातला तो प्रसंग सिनेमाभर तुकड्या-तुकड्यांनी दाखवतो, दर वेळी थोडा पुढे सरकत. पोरगं थंडी वाजतेय म्हणत राहतं. योसेरियन त्याची मांडीची जखम बांधतो, धीर देतो. शेवटी जाकीट उघडतो आणि आतडीच बाहेर येतात. इतका वेळ आपणही मांडीकडेच बघत असतो. आमच्या मंगळवार पेठेतले निवृत्त सुभेदार काका माझ्यासोबत बघत होते. तिथं ते उठून गॅलरीत गेले.

हेच काका आधी खळखळून हसले होते. 'कॅच-२२' हा सिनेमातला नियमच तसा: वेडा ठरलास तर सुटका, पण सुटका मागितलीस म्हणजे शहाणा, चल विमानात बस. वर त्यांचा वरिष्ठ कर्नल कॅथकार्ट घरी जायला लागणाऱ्या उड्डाणांचा आकडा वाढवतच नेतो. काका म्हणाले, "मंजूर रजा ऐनवेळी रद्द झाली की असंच वाटतंय बघ." हसू कुणावर आहे, ते त्यांना बरोबर कळलं होतं.

१९७०चा हा सिनेमा ज्या कादंबरीवर आहे, ती जोसेफ हेलरने १९६१ साली प्रसिद्ध केली. हा माणूस १९४४ मध्ये कॉर्सिका बेटावरून बॉम्बर विमानात बसून लढला, ६० उड्डाणं केली. त्याच वर्षी १० जुलैला टायबरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे, तुकडीतले सगळे पडल्यावर, एकटे मशीनगनवर चालून गेले आणि तिथंच धारातीर्थी पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. म्हणजे आपली माणसं आणि हेलर एकाच लढाईत होते.

एक मात्र मान्य, लष्कराचं सामान विकून नफा कमावणाऱ्या मायलोचा धंदा सिनेमात उरकल्यासारखा वाटतो. पुस्तकात तो प्रथमोपचाराच्या पेटीतलं मॉर्फिनसुद्धा काढून नेतो, ते वाचताना अंगावर काटा येतो.

'पोट धरून' हे शब्द मी लेखातून आज काढलेत. पणजोबांच्या पलटणीचा नंबर किंवा एखादं पत्र घरात असेल तर जरूर कळवा.